कृती आवश्यक नाही

त्या मंगळवारी केतकी शिंत्रेला वडिलांची आठवण एकदाच आली, आणि तीही एका पंपाच्या कवचामुळे. पुण्याच्या कचेरीत ती त्याचा आराखडा करत होती, आणि कवचाच्या आतलं एक वळण चुकीची खूण म्हणून तिच्या पडद्यावर सारखं लाल होत होतं. एवढ्या बारीक वळणात वाळूचा गाभा टिकत नाही, ओततानाच मोडतो, हे तिला कुठल्या पुस्तकातून नव्हे, तर लहानपणी जेवताना ऐकून माहीत होतं. तिचे वडील दौलत शिंत्रे याच कंपनीच्या कोल्हापूरच्या कारखान्यात गाभे बनवत. लोखंडाच्या वस्तूला आतून पोकळी हवी असेल, तर साच्यात आधी त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा ठेवावा लागतो. लोखंड निवलं की वाळू झाडून टाकायची. मागे उरते ती पोकळी. "लोखंडाला नाव, गाभ्याला झाडू," असं तात्या म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. केतकी त्याला जन्मापासून अरेतुरे करत आली होती, तेव्हा इथंही तसंच राहू दे.

तात्याला फोन करून विचारावं, वळणाला किती जाडी ठेवू, असं तिच्या मनात आलं. मग दुपारची बैठक लागली आणि ते राहून गेलं. संध्याकाळी निघताना तिनं रोजच्यासारखा 'ओसरी'वरचा दिवसाचा गोषवारा उघडला. सतरा भानगडी मिटल्या होत्या, दोनच तिच्यासाठी उरल्या होत्या. सगळ्यात खाली नेहमीची ओळ होती: 'श्री. दौलत शिंत्रे यांच्याशी नेहमीचं बोलणं. कृती आवश्यक नाही.' ती वाचून तिला बरं वाटलं. घराबाहेर पडताना गॅसचं बटण बंद दिसलं की वाटतं, तसं. तिनं खिडकी बंद केली आणि कोपऱ्यावरून पेरू घेऊन घरी गेली. तिचा शेवटचा साधा दिवस तो.

ओसरी म्हणजे कंपनीचं आपलं गाव. पुण्यातली आरेखन कचेरी, कोल्हापूरचे दोन कारखाने, गुजरातेतली गोदामं, सगळे तिथं भेटत. कामाचे गट होते, वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या, कँटीनच्या आमटीवरून भांडणं होती. गंमत अशी, की माणसं एकमेकांच्या इतकी जवळ आल्यावर काम होईनासं झालं. निरोप आला की हातातलं काम सुटतं आणि तुटलेलं लक्ष पुन्हा जुळायला निरोप वाचण्याच्या कितीतरी पट वेळ जातो. जुनंच दुखणं, पण ते मोजता येऊ लागल्यावर कंपन्यांची झोप उडाली. पडद्यावरची नजर कुठं रेंगाळते, बोटांची लय कधी अडखळते, यावरून माणसाचं लक्ष कधी फुटलं हे यंत्राला नेमकं कळू लागलं. त्यावरचा उपाय म्हणून 'मुखत्यार' आला.

प्रत्येक माणसाचा मुखत्यार वेगळा. तुम्ही आजवर कचेरीत लिहिलेलं सगळं वाचून तो तुमची भाषा शिकतो. कामावर रुजू होताना दिलेल्या नमुन्यावरून तुमचा आवाज उचलतो. कुणाचा निरोप आला, की तुम्ही काय उत्तर दिलं असतं याचा अंदाज बांधून तेच उत्तर देतो. ज्यात तुम्हाला स्वतः काही करावं लागणार असेल तेवढंच तुमच्यापर्यंत येऊ देतो, बाकीचं परस्पर मिटवून संध्याकाळी एका ओळीत सांगतो. दोन गोष्टी मात्र तो नियम म्हणून पाळतो. समोरचा वयानं किंवा हुद्द्यानं मोठा असेल तर आदरानं बोलायचं, आणि कुणी स्वतःच्या तब्येतीबद्दल काही विश्वासानं सांगितलं तर ते पुढे न्यायचं नाही. दोन्ही नियम चांगल्या मनानं केलेले होते.

दोन वर्षांपूर्वी मुखत्यार सुरू करताना यंत्रानं विचारलं होतं, घरच्यांचे निरोप वेगळे ठेवायचे का? केतकीनं मुंबईच्या मावशीचं नाव दिलं. आई नव्हतीच. तात्या कंपनीतलाच, त्यामुळे तो आपोआप सहकाऱ्यांच्या रकान्यात गेला. हे तिच्या ध्यानातही आलं नाही. रविवारी ती त्याला फोन करायची, तोही हल्ली दर रविवारी होत नसे.

बुधवारी दुपारी बशीर मुलाणींचा फोन आला. बशीरमामा म्हणजे तात्याचा गाभेखात्यातला जोडीदार. दोघांनी एकाच वर्षी नोकरी धरली होती. त्यांनी आधी विचारलं, बसलीयास का उभी आहेस. मग म्हणाले, "पोरी, तात्या गेला." ती उभीच होती. तिनं शांतपणे विचारलं, कुठं गेला? कारखान्याच्या कामासाठी तो कधीमधी बेळगावला जाई. फोनवर बराच वेळ नुसती यंत्रांची घरघर ऐकू येत राहिली.

नंतरचे दिवस तिच्या हाताला लागले नाहीत. कोल्हापूरजवळच्या उचगावचं तात्याचं घर माणसांनी भरलं. सुंदराआत्यानं देवघर झाकलं, चुलीला सुट्टी दिली, दिवा लावून ठेवला. अग्नी केतकीनंच दिला. गुरुजी कुरकुरले नाहीत, उलट म्हणाले, लेकीनं दिलेलं लवकर पोचतं. ती रडली नाही. आत्या शेजारणींना हळूच सांगायची, पोरीला धक्का बसलाय, बोलू नका काही. पण तिला धक्का बसला नव्हता. तो अजून बसायचा होता.

रजा वाढवायची म्हणून एका सकाळी तिनं फोनवर ओसरी उघडली. न वाचलेले गोषवारे एकाखाली एक साचले होते. तिचं लक्ष सगळ्यात वरच्यावर, म्हणजे कालच्यावर गेलं. सगळ्यात खाली नेहमीची ओळ होती.

श्री. दौलत शिंत्रे यांच्याशी नेहमीचं बोलणं. कृती आवश्यक नाही.

जुनी ओळ चुकून तशीच राहिली असेल, असं समजून तिनं तारीख पाहिली. मग आदल्या दिवसाची पाहिली, मग त्याच्याही आदल्या दिवसाची. आतापर्यंत त्या ओळीवर तिनं कधी बोट ठेवलं नव्हतं. आता ठेवलं. आत तीन वाक्यं होती.

'जेवलीस का गं?'

'हो, जेवले. तुम्ही जेवलात का?'

'व्हय, जेवलो की.'

समोर भिंतीला टेकवून ठेवलेल्या फोटोत तात्या कारखान्याची टोपी घालून बघत होता. फोटोपुढे वाटीत भात होता. केतकीनं फोन पालथा ठेवला आणि उगाचच ती वाटी थोडी सरळ केली. 

ओसरी सांभाळणारा पराग कामेरकर भला माणूस होता. त्यानं आधी मनापासून दुःख व्यक्त केलं आणि मग, ती विचारतेय म्हणून, समजावून सांगितलं. माणूस काही दिवस कामावर आला नाही तर त्याचा मुखत्यार आपोआप सुरू होतो, कुणाचं काम अडू नये म्हणून, आणि त्या माणसाचे रोजच्या नेमाचे निरोपही तोच पाठवत राहतो. शिंत्रेकाकांनी जिवंतपणी तो कधीच वापरला नव्हता. ते सगळं स्वतः बोलायचे. पण बोलायचे पुष्कळ, त्यामुळे त्यांचा मुखत्यार फार चांगला तयार झाला होता. गाभ्याचं काही अडलं तर कारखान्यातली नवी पोरं अजूनही त्यालाच विचारत होती, आणि उत्तरं बरोबर येत होती. कंपनीला तो तसाच चालू ठेवायला आवडेल, पण वारसाच्या मर्जीविरुद्ध नाही. तिनं फक्त 'बंद करा' एवढं लिहून पाठवायचं, त्याच मिनिटाला बंद होईल.

"आणि बंद केला, की ते रोजचं विचारणंही बंद होणार?" तिनं विचारलं.

"हो मॅडम. पुन्हा सुरू करता येत नाही."

तिनं विचार करून कळवते म्हणून सांगितलं. लिहायचे दोनच शब्द, पण बोट वळेना. यंत्रानं का होईना, जगात रोज दुपारी कुणीतरी तिला जेवलीस का म्हणून विचारत होतं. ते तिनं स्वतःच्या हातानं संपवायचं होतं. आणि नाही संपवलं, तर तात्याच्या नावानं कुणीतरी रोज जेवत राहणार होतं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी पाळी संपवून बशीरमामा आले. घरात चूल पेटत नव्हती, म्हणून त्यांच्या बायकोनं बुट्टीतून भाकरी आणि झुणका पाठवला होता. मामांनी बुट्टी खाली ठेवली आणि पायरीवरच टेकले. आत या म्हटलं तर म्हणाले, वाळूची कापडं हैत, असू दे. मग कारखान्याचं, भट्टीचं, नव्या साहेबाचं असं थोडं इकडचं तिकडचं बोलले. बोलता बोलता म्हणाले, "एक बरं झालं बघ. जाईपतोर त्याचं रोज बोलणं व्हायचं. आमची पोरं तर सणाला बी फोन करत न्हाईत."

केतकीनं बुट्टीवरचं फडकं नीट केलं. मामांनी तिच्याकडं नीट पाहिलं आणि मान हलवली.

"म्हायतीय मला," ते म्हणाले. "ती तू नव्हतीस."

गाभेखात्यात हात वाळूनं आणि तेलानं भरलेले असतात, म्हणून तिथं ओसरीचा पडदा भिंतीवर आहे आणि तो बोलतो. जेवणाच्या सुट्टीत तात्या त्याच्यापुढं उभा राहून विचारायचा आणि केतकीच्या आवाजात उत्तर यायचं. आवाज हुबेहूब. पहिल्याच दिवशी उत्तर ऐकून तात्या वळला आणि बशीरमामांना म्हणाला, "बशीर, ही आपली न्हवं."

"कसं ओळखलं त्यानं?" तिनं विचारलं. 

"आता ते काय ओळखायला पायजे?" मामा हसले. "आपली पोरगी जेवलो म्हणती. ही म्हणली, जेवले."

कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना मी आलो, मी गेलो, असंच म्हणतात. पुण्यात पहिल्याच महिन्यात कचेरीतलं कुणीतरी त्यावर हसलं होतं. तेव्हापासून केतकी तिथं आले-गेले करू लागली. तात्याशी बोलतानाच तेवढी जीभ आपोआप मूळ जागी यायची. मुखत्यार शिकला होता तो कचेरीतल्या केतकीकडून.

"आणि मग त्याला अहोजाहो," मामा सांगत होते. "तुम्ही काय, आपण काय. जावई आल्यागत. तात्या लई हसायचा. त्यानं नावच पाडलं हुतं, अहोजाहोवाली. चल बशीर, अहोजाहोवालीला इचारून येतो, म्हणायचा."

"मग रोज कशाला बोलायचा तिच्याशी? माझ्याशी बोलायचं. फोन करायचा मला."

ती हे जरा तोडूनच बोलली. मामांनी राग मानला नाही. त्यांनी पायरीवरचा एक खडा उचलला आणि अंगणात टाकला.

"मी बी हेच म्हणलो. तर म्हणाला, पोरगी कामात असती, कशाला मधी तोंड घालायचं. आणि म्हणाला, असू दे की, ही मला उलटं इचारती तरी. तुम्ही जेवलात का म्हणून."

केतकीला वाटलं, आपण कुठल्या तरी उंच जागेवरून खाली बघतोय. वीसेक वर्षांत, आई गेल्यापासून, तात्यानं तिला हे किती वेळा विचारलं असेल. शाळेतून आल्यावर, वसतिगृहात, नोकरीत. ती हो म्हणायची, जेवलो म्हणायची, कधी नुसतं हं. घासातल्या खड्यासारखा तिला तो प्रश्न नकोसाही व्हायचा. तो प्रश्न परत पाठवायचा असतो, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. यंत्राला ते सुचलं, कारण मोठ्यांशी बोलताना कसं बोलायचं याचा त्याला नियम घालून दिला होता.

मामा अजून उठत नव्हते. काहीतरी राहिलं होतं. शेवटी ते फोटोकडं बघत, तिच्याकडं न बघता बोलले. गेले काही दिवस तात्याच्या छातीत भरल्यासारखं व्हायचं. जिना चढला की भिंत धरायचा. बशीरमामांनी पिच्छा पुरवला, दवाखान्यात चल, निदान पोरीला तरी सांग. एक दिवस तर भांडणच काढलं. तेव्हा तात्या म्हणाला, सांगितलं की पोरीला.

"मला बरं वाटलं," मामा म्हणाले. "म्हणलं, आता ही ईल, कान धरून न्हील. कुठल्या पोरीला सांगितलंस, ते मी इचारलंच न्हाई."

अंगणात ऊन होतं. शेजारच्या घरी कुणीतरी कुकर लावला होता. केतकीला प्रत्येक गोष्ट विलक्षण स्वच्छ दिसत होती. बुट्टीवरच्या फडक्याची निळी किनार, मामांच्या नखातली काळी वाळू. तात्यानं सांगितलं होतं. तिच्या नावाला, तिच्या आवाजाला त्यानं सांगितलं होतं. आणि तिच्या आवाजानं काळजी घ्या म्हटलं असणार, दवाखान्यात दाखवून या म्हटलं असणार, तुमची तब्येत महत्त्वाची आहे असंही म्हटलं असणार. मग संध्याकाळी पुण्यात एका ओळीचा गोषवारा आला. तिनं तो वाचला, तिला बरं वाटलं, आणि तिनं पेरू विकत घेतले.

"अहोजाहोवालीला म्हणाला असंल, पोरीला सांगू नगंस," मामा पुटपुटले. "त्याचा सोभावच तसा. तू मनाला लावून घिऊ नगंस."

मामा गेल्यावर तिनं ओसरी उघडली आणि स्वतःचा मुखत्यार बंद केला. यंत्रानं विचारलं, तुमचं लक्ष वारंवार विचलित होऊ शकतं, खात्री आहे? तिनं हो म्हटलं. मागचं सगळं बोलणं पाहायचं का, असंही त्यानं विचारलं.  ते तात्यानं दुसऱ्या कुणाला तरी सांगितलेलं होतं. तिनं ते उघडलं नाही.

दहाव्याला नदीच्या घाटावर सगळे जमले. भाताचे पिंड मांडून झाले, माणसं मागं सरली आणि कावळ्याची वाट बघू लागली. कावळे होते. पलीकडच्या चौथऱ्यावर, पिंपळाच्या फांदीवर, विजेच्या खांबावर चांगले पाचसहा जण बसले होते. पण एकही खाली उतरेना. अशा वेळी गेलेल्याचं काहीतरी मनात राहिलंय असं मानतात. ते ओळखून मोठ्यानं सांगावं लागतं, मग कावळा शिवतो.

सुंदराआत्या पुढं झाली. पदर सावरत म्हणाली, "दौलत, घर विकायचं न्हाई आम्ही. बिनघोर जा." कावळ्यांनी माना वळवल्या, इतकंच. चुलतभावानं शेताच्या बांधाचं काहीतरी सांगितलं. बशीरमामा लांब उभे होते, त्यांना आत्यानंच हात धरून पुढं आणलं. ते म्हणाले, "तात्या, खात्यात पंखा बसवून घेतो बघ. साहेब न्हाई म्हणाला तर त्याच्या केबिनचा काढून आणतो." दोघंतिघं हसले आणि लगेच गप्प झाले. कारखान्याकडून आलेला एक तरुण अधिकारी बराच वेळ चुळबुळत होता. त्यालाही वाटलं, आपणही काही बोलायला हवं. तो हात जोडून म्हणाला, की काकांचं ज्ञान कंपनी वाया जाऊ देणार नाही, त्यांचा मुखत्यार कायम चालू राहील. त्यावर खांबावरचा कावळा उडाला आणि नदीपलीकडं निघून गेला. आत्यानं त्या अधिकाऱ्याकडं अशी नजर टाकली, की तो दोन पायऱ्या खाली उतरला.

ऊन डोक्यावर आलं. गुरुजींनी घड्याळाकडं बघून दर्भाचा कावळा करायची तयारी सुरू केली. खरा आला नाही तर तसं करून मोकळं होता येतं, ते म्हणाले, चालतं शास्त्राला. केतकी त्या दर्भाकडं बघत राहिली. खऱ्याच्या जागी केलेला, आणि चालणारा.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन थरथरला. कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती. आता मधे मुखत्यार नव्हता, म्हणून निरोप थेट तिच्यापुढं आला. वर तात्याचं नाव होतं, टोपीतला तोच फोटो होता, आणि खाली तीन शब्द.

'जेवलीस का गं?'

शेजारी कानाचं छोटं चिन्ह होतं. ते दाबलं असतं तर तात्याच्या आवाजात ऐकू आलं असतं. दोन वर्षं हा प्रश्न रोज निघत होता आणि तिच्या दारापर्यंत येऊन परस्पर वळत होता. आज तो पहिल्यांदा पोचला, आणि विचारणारा नव्हता. तिचा अंगठा त्या चिन्हावर क्षणभर थांबला. मग तो तिथून हलला. तिनं परागचं नाव काढलं, लिहिलं, 'बंद करा', आणि पाठवून दिलं.

पडद्यावर तात्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला.

"केतके," आत्या कानाशी कुजबुजली, "तू एकटीच राहिलीस बघ. तुझंच काहीतरी असणार. लग्नाचं सांग, न्हाईतर नोकरीचं सांग. काय सांगायचं ते सांग, पण मोठ्यानं सांग."

केतकीनं फोन आत्याच्या हातात दिला. ती पिंडांपाशी गेली आणि ओल्या दगडावर मांडी घालून बसली, घरी ताटावर बसायची तशी. सगळ्यांना वाटलं ती हात जोडेल. तिनं जोडले नाहीत. भाताकडं बघत ती बोलली, आणि तिचा आवाज घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत स्वच्छ ऐकू गेला.

"ए तात्या, ती मी नव्हतो. मी आत्ता आलोय." एवढं बोलून ती थांबली. तिला श्वास घ्यावा लागला. "मी न्हाई जेवलो अजून. तू जेवलास का रे?"